भाऊजी आणि तीन महिन्यांची साखर

माझ्या भाऊजींचा जगातल्या एकाही आकड्यावर विश्वास नाही. आकडा माणसाने सांगितला, पेपरात छापून आला की काट्यावर दिसला, याने त्यांना काही फरक पडत नाही. अकोल्याच्या भाजीबाजारात बाईने अर्धा किलो वांगी पारड्यात टाकली की भाऊजी शांतपणे म्हणतात, "वांगे काढा बाई, पयले रिकामा काटा पाहू द्या." रिकामा काटा पाहून झाला की वांगी एकदा या पारड्यात आणि एकदा त्या पारड्यात मोजायची. आता ती बाई भाऊजी लांबून दिसले तरी आधीच पारडी मोकळी करून ठेवते आणि मागच्या गिऱ्हाइकांना सांगते, "तुमी दुसरीकडे पाहून या, इथं येळ लागते." उन्हाळ्यात अकोल्याचं तापमान पेपरात पहिल्या पानावर येतं आणि अकोलेकर ते जरा अभिमानानेच वाचतात. भाऊजींनी त्या आकड्याची खात्री करायला अंगणातल्या कडुनिंबाला स्वतःचं थर्मामीटर टांगलं. मग त्याचीही शंका आली म्हणून शेजारच्या फांदीला दुसरं टांगलं. दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक पडतो. तेव्हापासून "आज किती झालं हो?" असं कोणी विचारलं तर भाऊजी सांगतात, "लय झालं." याच्यापुढे जायला ते तयार नाहीत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्यातल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं. लोकांच्या रक्तातली साखर, क्रिएटिनीन, पोटॅशियम, चरबी काढायची आणि रिपोर्टच्या खाली सही करायची, हे त्यांचं काम. साठी कधीच उलटली, पण लॅबचे डॉक्टर त्यांना सोडत नाहीत आणि तेही लॅबला सोडत नाहीत. मी अमरावतीत राहतो. भातकुलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवणं हाच माझा धंदा. त्यामुळे आमच्या दोघांचं कधी पटलं नाही, आणि न पटताही आम्हाला एकमेकांवाचून करमत नाही. ते मला मास्तर म्हणतात. लग्नात ते बोहल्यावर होते तेव्हा मी सहावीत होतो, तरी त्याच दिवसापासून मास्तर म्हणतात, कारण त्या दिवशी मी त्यांच्या अंगावरच्या अक्षता मोजत होतो म्हणे.

त्या लग्नाचीही एक कथा आहे. गुरुजींनी पत्रिका पाहून अठ्ठावीस गुण जुळतात असं सांगितलं. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले. चार दिवसांनी भाऊजींचा निरोप आला की, दुसऱ्या गुरुजींकडून मोजून घेतो, माणसानं मोजलं म्हणजे चूक असणारच. दुसऱ्या गुरुजींनी चोवीस सांगितले. आमचे वडील इतके तापले की लग्नच मोडायला निघाले. भाऊजी स्वतः आमच्या घरी आले, वडिलांपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "दोघायनं येगयेगळं सांगतलं, म्हणजे दोघायलेबी येत नाई. मग आता पोरगी पाहूनच ठरवतो." ताई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. ती सांगते, की याच वाक्यावर तिने मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

मोठ्यांच्या पाया पडण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नाही. आमच्याकडे आले की घरातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार. आईला वाटायचं, जावई किती संस्कारी, पायावर हात ठेवतो तो लवकर उचलत नाही. खरी गोष्ट अशी, की नमस्कार करता करता ते अंगठ्याने घोट्याच्या वर दाबून पाहतात, खड्डा पडतो का आणि पडला तर किती वेळ राहतो. पायावर सूज म्हणजे मूत्रपिंड, नाहीतर हृदय, नाहीतर यकृत. आमच्या अचलपूरच्या आत्याला त्यांनी असंच एका साखरपुड्यात धरलं. मांडवातच तिच्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी रक्त काढलं. मूत्रपिंडाचं दुखणं वेळेवर सापडलं आणि आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली, पण त्या साखरपुड्यात व्याह्यांपुढे पापणी ओढली याचा राग तिने शेवटपर्यंत सोडला नाही. नात्यातल्या बाकीच्या बायका भाऊजी येणार म्हटलं की लुगडं जरा खाली ओढून बसतात.

रिपोर्ट हातातून सोडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. एकदा तेल्हाऱ्याहून एका शेतकऱ्याच्या रक्ताची नळी एसटीने आली. पोटॅशियम लावलं तर इतकं निघालं, की तेवढ्यावर माणसाचं हृदय थांबावं. दुसरा कोणी असता तर रिपोर्ट छापून मोकळा झाला असता. भाऊजींनी फोन नंबर शोधून लावला आणि आधी विचारलं, "कोन बोलून राहिलं?" पलीकडून आवाज आला, "मीच बोलतो, कापसाच्या वावरात हावो." भाऊजी म्हणाले, "उभे हा का बसले हा?" तो म्हणाला, "फवारा मारून राहिलो." भाऊजींनी त्याला बांधावर बसवलं, छातीत धडधडतं का, हातापायाला मुंग्या येतात का, सगळं विचारून घेतलं. त्याला काही होत नव्हतं, पण या चौकशीने आता व्हायला लागलं होतं. शेवटी उलगडा झाला. नळी अकोल्यापर्यंत खडखडत आली होती, आतल्या लाल पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम रक्ताच्या पाण्यात सांडलं होतं. भाऊजी त्याच दिवशी तेल्हाऱ्याला गेले, नव्याने रक्त काढलं आणि परतीच्या एसटीत ती नळी दोन्ही तळहातांमध्ये धरून उभ्याने आले. कंडक्टरने बसायला जागा दिली तर म्हणाले, "बसलो की खड्ड्याचा दणका नयीले बसते."

इतकं सांगितल्यावर कोणालाही वाटेल, की हा गृहस्थ जन्मजात संशयी आहे. तसं नाही. पूर्वी त्यांचा अविश्वास फक्त माणसांच्या आकड्यांवर होता. मशीनवर त्यांची श्रद्धा होती. लॅबमध्ये नवं मशीन आलं की ते त्याला हळदकुंकू लावायचे आणि आम्हाला पत्र लिहून कळवायचे. माणूस चुकते, मशीन चुकत नाई, हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. सात-आठ वर्षांपूर्वी ते वाक्य बंद झालं. त्याच सुमारास ते फोनवर देशोदेशीचं नवं संशोधन वाचायला लागले, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून. लॅबमध्ये प्रत्येक विचित्र रिपोर्ट दोनदा लावायला लागले, आणि मग जो विचित्र नाही तोसुद्धा. मी ते वाढत्या वयाचं खूळ समजून हसत होतो.

ताईला आता उजेड-अंधार आणि समोरच्या माणसाची आकृती एवढंच कळतं. मधुमेहाने तिचे डोळे नेले. कळलं तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावर बरंच रक्त साचलेलं होतं आणि डॉक्टरांच्या हातात फारसं उरलं नव्हतं. ती गोष्ट आमच्या घरात आता जुनी झाली आहे. ताई सगळी कामं अंदाजाने करते आणि पूर्वीइतकीच बोलते.

मलाही मधुमेहाची धास्ती होती. म्हणून मी वर्षातून दोनदा तीन महिन्यांची साखर तपासत असे. ही तपासणी साऱ्यांच्या आवडीची, कारण उपाशी राहावं लागत नाही आणि एका थेंबात मागच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो. सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत कोणाची साडेसात, कोणाची आठ. माझी कायम साडेपाचच्या आत. जिलबी खाऊन साडेपाचच्या आत. मी तो रिपोर्ट घडी करून खिशात ठेवत असे आणि विषय निघाला नाही तर स्वतः काढत असे. फक्त चष्म्याचा नंबर तेवढा सारखा बदलत होता. वर्षात तीन चष्मे झाले. चष्मेवाला नीट मोजत नाही, असं माझं मत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला ताई आणि भाऊजी अमरावतीला आले. ताईने मला ओवाळलं. तिच्या हातातलं तबक भाऊजींनी खालून धरलं होतं, हे दरवर्षीचंच. ओवाळणं झालं आणि मी ताईला साडी दिली, तिच्यावरची चिठ्ठी वाचून दाखवायला लागलो. चिठ्ठी डोळ्यांपुढून बाजूला सरकवली, मान तिरकी केली, पुन्हा सरकवली. भाऊजी लाडू खाता खाता थांबले.

"मास्तर, मधातलं अक्षर दिसत नाई का तुले?"

"नंबर बदललाय," मी म्हटलं.

"कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा," माझ्या बायकोने आतून सांगितलं. तिला असं काही सांगायला फार आवडतं.

भाऊजींनी साखरेचा रिपोर्ट मागितला. मी मोठ्या रुबाबात खिशातून काढला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागचा कोरा कागद पाहिला आणि म्हणाले, "हा खोटा हाये."

मला राग आला. अमरावतीतल्या चांगल्या लॅबचा रिपोर्ट, छापील, तोही लागोपाठ चार वेळा तसाच आलेला. मी म्हटलं, "भाऊजी, चार वेळा एकच उत्तर आलं म्हणजे गणितात ते बरोबर असतं."

"नाई बाप्पा. कधी कधी चारयी येळा एकच चूक झालेली असते."

"तुमचा कशावर तरी विश्वास आहे का?"

"तुह्या मानेवर हाये," ते म्हणाले. "थे तिरपी काहून होऊन राहिली, थे सांग."

मग त्यांनी माझ्या घरात जे केलं ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. बायकोला म्हणाले, "वैनी, याले रोजच्यासारखं जेवू द्या, काई कमी नोको, काई जास्त नोको." ताटात काय काय आहे ते कागदावर लिहिलं. पहिला घास घेतला ती वेळ लिहिली, मनगटावरच्या घड्याळात आणि भिंतीवरच्या घड्याळात, दोन्ही. पुढचे दोन तास मला ओसरीत खुर्चीवर बसवलं. भाऊबीजेचे पाहुणे येत होते, मी सगळ्यांना बसूनच नमस्कार करत होतो. मधूनच मी पाणी प्यायला उठलो तर ताई म्हणाली, "बाबू, बस ना. यायचं आयक." दोन तास झाले तसे त्यांनी पिशवीतून सुई काढली आणि तीन नळ्या भरल्या. भाऊबीजेला भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, माझ्याकडून साडीवर तीन नळ्या रक्तही गेलं. नळ्या बर्फाच्या डब्यात नीट कापड मधे घालून ठेवल्या, मांडीवर डबा आणि हाताशी ताई घेऊन ते संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेले.

तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतःच दारात उभे. फोनवर चांगलं सांगायचं आणि वाईट समोर जाऊन सांगायचं, ही त्यांची लॅबमधली जुनी पद्धत आहे, त्यामुळे त्यांना पाहूनच मी काय ते समजलो. त्यांनी चहा घेतला नाही. कागद पसरला. जेवणानंतरची साखर तीनशेच्या वर होती. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजायची दुसरी एक तपासणी असते, तिच्यातही माझी साखर चढलेली. आणि मग त्यांनी मशीनने काढलेला आलेख दाखवला. त्यावर नेहमीच्या टेकडीशेजारी आणखी एक टेकडी होती.

त्यांनी मला ते एखाद्या मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं, आणि मी तसाच ऐकत होतो. रक्तातली लाल पेशी साधारण चार महिने जगते, तेवढ्यात साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली ते मोजलं की तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण हे सगळं हिमोग्लोबिन नेहमीसारखं असेल तर. माझं निम्मं दुसऱ्या जातीचं निघालं. मी सिकलसेलचा वाहक आहे. स्वतःला आजार नाही, त्रास नाही, जन्मभर कळलंही नसतं. विदर्भात असे कितीतरी लोक आहेत. पण अशा रक्तावर ही तपासणी फसू शकते, काही मशीनांवर तर फारच, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हे जगात बऱ्याच ठिकाणी आता आता तपासून पाहताहेत, ते म्हणाले. अमरावतीच्या त्या लॅबचं जुनं मशीन ती दुसरी टेकडी दाखवतच नव्हतं.

"म्हणजे लॅबची चूक नाही?" मी विचारलं.

"कोनाचीच नाई. मशीननं जे पाह्यलं थे सांगतलं. जे त्याले दिसत नाई थे कोनं इचारलं नाई, एवढंच."

त्याच दुपारी ते मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. पडद्यावर रक्ताचे ठिपके होते. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर असेच राहिला असतात तर काही सांगता आलं नसतं. लेझर झालं, औषधं सुरू झाली, जिलबी बंद झाली. आता मला पुन्हा वाचता येतं. मैदानावर मी रिपोर्ट काढणं सोडून दिलं आहे आणि इतरांनी काढला तर जेवणानंतरचं कधी तपासलं ते विचारतो. लोक मला टाळायला लागले आहेत.

पण दवाखान्यातून परत येताना रिक्षात एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. हे रक्त आईवडिलांकडून येतं. मी म्हटलं, "भाऊजी, मग ताईचंही असंच असेल." ते बाहेर पाहत राहिले.

त्यानंतर महिनाभराने, लेझरचं दुसरं सत्र झाल्यावर, मी अकोल्याला गेलो. दुपारची वेळ होती. भाऊजींनी कपाटातून एक जुनी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. ताईचे रिपोर्ट होते, सहा वर्षांचे, एकाखाली एक. सगळ्यांत साखर नॉर्मल. सगळ्यांखाली त्यांची सही.

"नवीन मशीन आलं होतं," ते म्हणाले. "म्याच तिले सांगतलं, आता उपाशी राहाची गरज नाई, जेवून दोनदा टोचाची गरज नाई, एका थेंबात समजते. तिचा रिपोर्ट मी सोता लावो. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नव्हतो."

मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा इथे कोणालाच माहीत नव्हतं."

"थे खरं हाये. वाचलं थे डोये गेल्यावर वाचलं." त्यांनी फाइल मिटली. "पन मास्तर, त्या दिवसाईत जेवताना भातात खडा लागे. रोज लागे. तिच्या हातच्या भातात कधी खडा लागला नव्हता. मी तिच्यावर खेकसो, म्हनो तुहं ध्यान कोठी असते. मशीन सांगे, सारं ठीक हाये. खडा सांगे, इले दिसत नाई. म्या मशीनचं आयकलं."

गेली कितीएक वर्षं ज्याला मी खूळ म्हणत होतो त्याच्याखाली हे होतं, आणि त्या खुळाने माझे डोळे राखले होते. मला त्यांची फार माया आली आणि स्वतःची लाज वाटली.

ताई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "झालं का सांगून? बाबू, मले कवाचंच ठाऊक हाये. ज्या दिवशी यायनं थे वाचलं त्या दिवशी लॅबातून आले अन् जेवले नाई. झुणका होता, तरी जेवले नाई. मंग कपाटातले माहे कागद काढून बसले. आवाजावरूनच समजलं मले. मी बोलली नाई, म्हटलं, बोलली तर हे लॅब सोडून देतीन." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "अन् लॅब सोडली असती तर तुहं कोनं पाह्यलं असतं?"

भाऊजी उठून आत गेले. मला वाटलं, आता थोडा वेळ येणार नाहीत. पण ते ताट आणि तांदळाचा डबा घेऊन परत आले. संध्याकाळचे तांदूळ आता तेच निवडतात. चष्मा कपाळावर चढवून, ताट खिडकीच्या उजेडात धरून, एकेक चिमूट सरकवत त्यांनी निवडायला सुरुवात केली. निवडून झाले की ताट ताईच्या मांडीवर. ताई बोटांच्या टोकांनी तांदूळ हळूहळू पसरत चाचपते, आणि राहिलेला खडा वेचून त्यांच्या तळहातावर ठेवते. हा त्यांचा दोघांचा रोजचा कार्यक्रम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"हा पाहा, राह्यला," ताई म्हणाली.

"राह्यला खरा," भाऊजींनी कबूल केलं. "तुह्यावाचून भागत नाई."

ताईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मी चहा तसाच ठेवून पाहत बसलो. तेवढ्या वेळात तिला तीन खडे सापडले. पहिल्या दोन खड्यांचं मला माहीत नाही. तिसरा काळा आणि चांगला तुरीएवढा होता. भाऊजींच्या बोटांनी तो अलगद बाजूला केला होता आणि पुन्हा तांदळात सरकवला होता. मला तो स्वच्छ दिसला.